दरीपासून आठ फूट

आधीच सांगून टाकते, गाइड घेऊन वॉकला जाणाऱ्या लोकांना मी आयुष्यभर हसत आलेय. रस्ता आहे, रस्त्यावर रंगीत बाण आहेत, फोनमध्ये मॅप आहे, मग कोणाच्या तरी पाठीकडे बघत चालायला पैसे कशाला मोजायचे? आणि त्यात होथ! डब्लिनला येऊन सात वर्षं झाली, होथला कमीत कमी दहा वेळा तरी गेले असेन, भारतातनं कोणीही आलं की पहिल्या वीकेंडला होथ हे आमच्याकडे ठरलेलं, पुण्यात पाहुण्यांना सिंहगडावर नेतात तसं. कुठे चिखल असतो, कुठल्या बाकावर वारा लागत नाही, हे सगळं मला पाठ आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, होथ म्हणजे डब्लिनच्या उत्तरेकडे समुद्रात घुसलेलं एक डोंगराळ टोक. कॉनली स्टेशनवरून डार्टमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, बसलं की अर्ध्या तासात शेवटचं स्टेशन. आपली सगळी मंडळी त्याला 'हाऊथ' म्हणतात, मी पण पहिली दोन वर्षं म्हणायचे, मग ऑफिसमधल्या एकीने हळूच सुधारलं की बाई, होथ. मूळ शब्द व्हायकिंग लोकांचा, त्यांच्या भाषेत डोकं. नकाशात बघितलं तर पटतं, सटनजवळ बारीकशी मान आणि पुढे हे एवढं डोकं. फार पूर्वी हे बेटच होतं म्हणे, मग मध्ये वाळू साचत साचत जमिनीला जोडलं गेलं. स्टेशनवरच्या आयरिश पाटीवर मात्र वेगळंच नाव, बिन एडर. एका गावाला दोन नावं आणि उच्चार तिसराच, हे आपल्याला काही नवीन नाही.

तर झालं असं की ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने दोन माणसांचं गाइडेड वॉकचं व्हाउचर दिलं होतं, तिला जायला जमत नव्हतं आणि ते मे अखेरीला एक्स्पायर होत होतं. फुकटचं व्हाउचर वाया जाऊ देणं आमच्या घराण्यात बसत नाही. आई-बाबा नेमके तेव्हाच आलेले. बाबा आधीच धुसफुसत होते कारण ऐन आंब्याच्या सीझनला रत्नागिरी सोडून यायला लावलं. नवऱ्याला लेकाला घेऊन कुठल्यातरी बर्थडे पार्टीला जायचं होतं, म्हणून मी तिसरं तिकीट काढलं आणि आम्ही तिघं निघालो. आई पंजाबी ड्रेस, त्यावर माझं जॅकेट, त्यावर शाल आणि पायात नवे कोरे स्पोर्ट्स शूज. बाबा कानटोपी घालून, एकदम डेपोत पहाटेच्या ड्यूटीला निघाल्यासारखे.

बाबांबद्दल सांगायला पाहिजे. एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर, रत्नागिरी डेपो, त्यातली बरीचशी रत्नागिरी-कोल्हापूर. म्हणजे आंबा घाट. पावसाळ्यात, धुक्यात, रात्री, समोरून ऊस भरलेला ट्रक वळणावर आला तरी ज्या माणसाचा हात स्टेअरिंगवर हलला नाही असे आमचे बाबा. लहानपणी मी इंजिनाच्या शेजारच्या सीटवर बसून तो घाट कितीदा उतरलेय. त्यामुळे त्या दिवशी माझी सगळी काळजी आईच्या गुडघ्यांची होती. बाबांचा विचारही डोक्यात आला नव्हता.

बंदरावर सगळे जमले. आम्ही धरून चौदा जण, त्यात एक अमेरिकन जोडपं, चार स्पॅनिश मुली, बाकी असेच. गाइड म्हणजे साठी उलटलेला, लालबुंद चेहऱ्याचा एक काका, आधी शाळामास्तर होता म्हणाला, आणि मास्तरकीची खोड काही गेली नव्हती, कारण निघायच्या आधी सगळ्यांच्या पायाकडे बघत गेला. एका स्पॅनिश मुलीचे पातळ सोलचे कॅनव्हास बघून मान हलवली. मग नियम. काठावर उभं राहून फोटो नाही, एकामागे एक चालायचं, आणि ग्रुपचा स्पीड म्हणजे सगळ्यात हळू चालणाऱ्याचा स्पीड. हे शेवटचं ऐकून मी मनात म्हटलं, झालं, सहा किलोमीटरला चार तास. आणि हा माणूस प्रत्येक वाक्याला 'ग्रँड' म्हणायचा. पाऊस येणार? ग्रँड. वारा आहे? ग्रँड. बाबांनी पाच मिनिटांत तो शब्द उचलला.

सुरुवातीची वीस मिनिटं बंदरावरच गेली आणि मला वाटलं ही वेळकाढू आहे. पण खरं सांगते, इतक्या वेळा जाऊन मला यातलं काही माहीत नव्हतं. हे बंदर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलं ते इंग्लंडहून येणाऱ्या टपालाच्या बोटींसाठी. बांधून होतंय तोवर त्यात गाळ साचायला लागला, मग टपाल गेलं खाडीच्या पलीकडे डून लेअरीला आणि हे राहिलं मासेमारीला. बाबा म्हणाले, "म्हणजे आपल्याकडच्यासारखंच, आधी बांधायचं मग बघायचं." वेस्ट पिअरच्या टोकाला दगडात दोन पावलं कोरलेली आहेत, १८२१ मध्ये राजा चौथा जॉर्ज इथे बोटीतून उतरला तेव्हा जिथे पाय ठेवला ती जागा. गाइडकाका म्हणाला की राजेसाहेब तेव्हा चांगलेच प्यायलेले होते अशी आठवण लोक काढतात. आईला नुसतं भाषांतर करून सांगितलं की राजाची पावलं, तर तिने सवयीने हात जोडले, मग मी पिण्याचं सांगितल्यावर तिने ते झटकन खाली घेतले. १९१४ च्या जुलैमध्ये याच बंदरात एका शिडाच्या बोटीतून नऊशे रायफली उतरवल्या होत्या, इंग्रजांच्या नाकावर टिच्चून, भरदिवसा. ते सांगताना काकाचा आवाज जरा चढला. तेवढ्यात पाण्यात सीलचं डोकं वर आलं आणि रायफलींची गोष्ट तिथेच बुडाली, सगळे फोन काढून धावले.

आईला आवडली ती किल्ल्याची गोष्ट. बंदराच्या मागच्या बाजूला, झाडीत होथ कॅसल आहे. म्हणतात की १५७६ मध्ये पश्चिमेकडची दर्यावर्दी सरदारीण ग्रेस ओमाली, आयरिश नाव ग्रॅन्या, आपली गलबतं घेऊन जाताना इथे थांबली आणि किल्ल्यावर गेली. तर दार बंद. साहेब जेवतायत, आत्ता भेटणार नाहीत. बाईचं डोकं फिरलं. तिने सरळ त्या घराण्याचा वारस पोरगा उचलला आणि गलबतात घालून पश्चिमेला नेला. सोडवायला बाप गेला तर पैसे नको म्हणाली, अट एकच, जेवायच्या वेळी किल्ल्याचं दार बंद करायचं नाही आणि अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी टेबलावर रोज एक जास्तीचं ताट मांडायचं. आणि त्या घराण्याने ते मांडलं, शेकडो वर्षं. मी हे सगळं रंगवून सांगितलं. आई दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, "पण मग त्या ताटातलं खायचं कोण?" मी गाइडकाकाला विचारलं. एवढ्या वर्षांत हा प्रश्न आपल्याला कोणी विचारला नाही म्हणाला. आई म्हणाली, "बाप्यांना कसला सुचतोय."

मग एकदाचे चढायला लागलो. बॅल्स्कॅडन रोडचा चढ तसा सरळ छातीवर येतो, आईने तिथे दोनदा बसून घेतलं, आणि मला अपराधी वाटायला लागलं तर काकाने बरोबर त्याच दोन जागी थांबून समोरचं बेट दाखवलं. आयर्लंड्स आय. त्यावर एक मोडकं देऊळ, म्हणजे चर्च हो, आणि नेपोलियनच्या भीतीने बांधलेला गोल बुरूज. एका बाजूचा खडक पांढराफेक दिसतो, तो चुन्याचा नाही, गॅनेट पक्ष्यांनी केलेला. मला नंतर लक्षात आलं की तो थांबायच्या जागा आईच्या श्वासावरून ठरवत होता, बेटावरून नाही.

डांबरी रस्ता संपून पायवाट लागते ना, तिथून पुढे मे महिन्यात दोन्ही बाजूला गॉर्सची झुडपं नुसती पेटलेली असतात. पिवळीधमक. पानं नाहीतच म्हटलं तरी चालेल, सगळे काटे, इंच इंच लांब. मी दरवर्षी त्याचे फोटो टाकते. पण आई तिथे थांबली, नाक वर केलं आणि म्हणाली, "कोणीतरी खोबरं खवतंय."

मला वाटलं आईला घरची आठवण येतेय. काकाला सांगितलं तर तो एकदम खूश, म्हणाला बरोबर, गॉर्सच्या फुलाला नारळाचा वास येतो, ऊन पडलं की जास्त. सात वर्षं! सात वर्षं मी या झुडपांच्या मधून चालतेय आणि मला तो वास कधी कळला नाही, वारा आणि सनस्क्रीन याच्यापलीकडे माझं नाक गेलंच नाही. मी फुलाजवळ नाक नेलं. खरंच हो. ओल्या नारळाचा नाही अगदी, खोबऱ्याची वडी थापून ठेवली की ताटाला येतो ना तसा, गोडसर. आईने चार फुलं तोडली, दोन काटे टोचून घेतले आणि फुलं रुमालात बांधून पर्समध्ये टाकली. थोडं पुढे गेलो तर कड्यावर पक्ष्यांची वसाहत, किटीवेक आणि गिलमॉट, शेकड्यांनी, एवढ्याएवढ्याशा कपारीवर दाटीवाटीने, कलकलाट असा की मंगळवारचा बाजार, आणि खालून वर येणारा वास थेट सुकटीचा. आई म्हणाली, "नारळ आणि सुकट. मग एवढं तिकीट काढून आलो कुठे?"

या गॉर्सची दुसरी बाजू म्हणजे ते तेलकट असतं आणि वाळलं की भडकतं. २०२१ च्या उन्हाळ्यात इथे वणवा लागला तो कितीतरी दिवस धुमसत होता, तेव्हाचा धूर आठवतोय मला. त्यानंतर त्याच सप्टेंबरमध्ये इथल्या कौन्सिलने काय केलं तर पंचवीस शेळ्या आणल्या. जुन्या आयरिश जातीच्या, जवळजवळ संपत आलेली जात, पार पश्चिमेच्या मेयोमधून. त्या गॉर्स खातात, मधले पट्टे मोकळे होतात आणि आग पुढे सरकत नाही. मशीन जिथे जात नाही तिथे शेळी जाते. आणि त्यांना राखायला पगारी माणूस ठेवला. हे बाबांना सांगितल्यावर ते थांबलेच. "म्हणजे धनगराला सरकारी नोकरी? पेन्शन आहे?" आंबा घाटात वरच्या अंगाला धनगरवाडे आहेत, बाबांच्या गाडीला हात करून दुधाच्या किटल्या चढवायचे ते लोक, त्यांतल्या दोघातिघांची नावं घेऊन बाबा म्हणाले की त्यांना कळवायला पाहिजे. शेळ्या मात्र आम्हाला दिसल्या नाहीत. फक्त लेंड्या दिसल्या.

आता ते सांगते. नोज ऑफ होथ म्हणून टोक आहे, तिथे वाट वळून दक्षिणेला जाते. वळलं की डावीकडे समुद्र, म्हणजे डावीकडे काहीच नाही, उजवीकडे गॉर्सची भिंत आणि मध्ये दीड-दोन फुटांची वाट, बारीक खडीची, थोडी समुद्राकडे कललेली. कठडा नाही. मी तिथून गप्पा मारत जाते, लोक तर पळत जातात. आई माझ्या पुढे होती, टुकूटुकू चालली होती. मागे बाबा. मी काहीतरी बोलत होते, मागून उत्तर येईना म्हणून वळून बघितलं.

बाबा उभे होते. नुसते उभे. डावा हात पोटाशी घट्ट, उजव्या हाताने गॉर्सची फांदी मुठीत धरलेली. त्या काट्यांची. मी म्हटलं बाबा, हात सोडा, काटे आहेत. ते माझ्याकडे बघत होते पण बघत नव्हते. चेहऱ्याला काही झालं नव्हतं, फक्त कानटोपीखाली कपाळावर घाम, तेरा-चौदा डिग्रीत. आणि मुठीतून रक्ताचा एक बारीक ओघळ मनगटाकडे येत होता तरी त्यांनी ती फांदी सोडली नाही. मी आयुष्यात बाबांना घाबरलेलं बघितलं नव्हतं. काय करायचं सुचेना, मी चक्क ओरडले की अहो बाबा, काय हे, काही नाहीये, मी इथून दहा वेळा गेलेय. किती मूर्खासारखं बोलते माणूस. त्यांच्या मागे दोन अमेरिकन अडकले, त्यांच्या मागे आणखी कोणी.

काका पुढून परत आला. कसा आला त्या वाटेवर सगळ्यांना ओलांडून देव जाणे. त्याने बाबांना धरलं नाही, 'घाबरू नका' म्हणाला नाही, खाली बघू नका असंही नाही. मागच्यांना हाताने थांबवलं, आणि स्वतः बाबांच्या डाव्या बाजूला, वाटेच्या कडेच्या गवतावर जाऊन उभा राहिला, समुद्राकडे पाठ करून. मग मला म्हणाला, तू मघाशी सांगितलंस तुझे वडील बस चालवायचे, त्यांना विचार, कुठली बस?

मी विचारलं. थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "लेलँड."

लेलँड ऐकल्यावर भाषांतर लागलंच नाही. काका म्हणाला अहो, आमच्याकडे पण लेलँडच असायच्या, डब्लिनच्या बसेस! गिअर कसा होता? क्लच जड होता का? मी दोघांच्या मध्ये दुभाषी, बाबा एकेक शब्द बोलतायत, काका एकेक पाऊल मागे सरकतोय, असा बोलत बोलत, कडेच्या बाजूने. तिसऱ्या की चौथ्या प्रश्नाला, उतारावर न्यूट्रल करायचात का असं विचारल्यावर, बाबांनी फांदी सोडली, कारण त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्यांना हात लागतो. "न्यूट्रल? घाटात? मरायचंय काय! ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं." आणि हात हवेत गिअर टाकायला लागला, आणि पाय चालायला लागले. असे ते दोघं दोनशे-अडीचशे मीटर गेले, पूर्ण आंबा घाट उतरले म्हणा ना. पुढे वाट रुंद झाल्यावर काका काही न बोलता परत पुढे निघून गेला. आईला यातलं काही माहीतच नव्हतं, ती पुढे एका दगडावर बसून स्पॅनिश पोरींना चिक्की वाटत होती.

पुढचं सोपं होतं. वळणावरून बेली लाइटहाउस दिसायला लागतं, खडकाच्या शेपटीवर. आत्ताचं १८१४ चं. त्याच्या आधीचं दीपगृह कड्यावर बरंच उंच होतं, पण इतक्या उंचावर धुकं असलं की दिवाच ढगात, खालून बोटींना काही दिसायचं नाही, म्हणून मग नवीन बांधताना खाली बांधलं. बाबा आता पूर्ण मूडमध्ये आले होते. म्हणाले, "साहजिक आहे. धुक्यात अप्पर मारला की समोर नुसती पांढरी भिंत, डिप्परवरच चालवायची असते. यांना कळायला किती वर्षं लागली विचार." विचारलं. शंभराच्या वर. बाबांना फार समाधान वाटलं.

एक वाईट गोष्ट पण तिथे घडलीय. १८५३ च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलहून येणारी क्वीन व्हिक्टोरिया नावाची वाफेची बोट रात्री, बर्फाच्या वादळात याच कड्यावर आपटली आणि ऐंशीच्या वर माणसं गेली. धुक्यात वाजवायची घंटा इथे बसवायचं त्याच्या कितीतरी आधी ठरलं होतं, खर्च नको म्हणून राहून गेलं. बोट बुडाल्यावर त्याच वर्षी घंटा बसली. मी हे हळू आवाजात सांगितलं. बाबा बराच वेळ दीपगृहाकडे बघत होते. "आमच्याकडे पण कठडा असाच बांधायचे," म्हणाले, "आधी गाडी जायला लागायची." एका वळणाचं नाव घेतलं त्यांनी, ते मी इथे लिहीत नाही. या दीपगृहात १९९७ पर्यंत माणसं राहायची, आयर्लंडमधलं शेवटचं माणसांचं दीपगृह हेच, आता सगळं आपोआप चालतं.

वर समिटला पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. समोर अख्खी डब्लिनची खाडी, पलीकडे विकलोचे डोंगर, मध्ये त्या पूलबेग वीजकेंद्राच्या लाल-पांढऱ्या दोन चिमण्या, दोनशे मीटरच्या वर उंच, ज्या कुठूनही दिसतात आणि ज्यांना इथले लोक उगाचच घरचं माणूस समजतात. आईने डब्यातले दडपे पोहे काढले. काकाला दिले. ग्रँड म्हणाला, पण मिरची लागल्यावरचं ग्रँड वेगळं होतं.

पोहे खाताना बाबा कोणी न विचारताच बोलले, माझ्याकडे न बघता. "गाडी डावीकडनं चालते. दरी डावीकडे असली तरी ड्रायव्हर उजवीकडे बसतो. मधे अख्खी गाडी असते गो. आणि येताना दरी उजवीकडे, तेव्हा मधे समोरून येणाऱ्या गाड्यांची लेन. मी एकतीस वर्षं दरीपासून आठ फूट लांब बसलोय." मग पोह्यातला शेंगदाणा बाजूला काढून म्हणाले, "डावीकडच्या खिडकीत बसणाऱ्या पॅसेंजरला काय वाटत असेल ते आज कळलं." मी लहानपणी इंजिनाशेजारी बसायचे ती सीट डावीकडची. मला काही वाटायचं नाही, मी बाबांकडे बघत असायचे.

उतरताना जुन्या ट्रामच्या वाटेने आलो. इथे १९०१ पासून डोंगरावर डबलडेकर ट्राम चालायची, सटन स्टेशनपासून वर समिट आणि पलीकडे खाली होथ स्टेशन, ती १९५९ च्या मे अखेरीला बंद झाली आणि बस सुरू झाली. रूळ गेले, त्यांची सपाट वाट राहिली. बस सुरू झाली हे ऐकून बाबांनी मान डोलावली, योग्य तेच झालं अशी. वाट मस्त रुंद, हळूहळू उताराची, दरी वगैरे काही नाही. तरी बाबा उजव्या कडेने चालले होते हे मी बघितलं. तळहाताला काकाच्या फर्स्ट एड बॉक्समधलं निळं प्लास्टर, त्यावर कार्टून होतं, शाळेतलं उरलेलं असावं.

खाली टिप द्यायची का, किती द्यायची यावर मी मनात हिशेब करत होते तोवर बाबांनी गाइडकाकाचा हात हातात घेऊन मराठीतच सांगितलं, "या एकदा रत्नागिरीला. घाट दाखवतो." काका म्हणाला ग्रँड. मी मग टिप दिली ती दिलीच, आणि व्हाउचरच्या दोन तिकिटांची किंमत घरी येऊन वेबसाइटवर बघितली आणि गप्प बसले.

शनिवार असल्यामुळे बाबांना मासे चालत नव्हते, पण आई वेस्ट पिअरवरच्या दुकानापुढून अशी कशी जाईल. बांगडे होते. आईने काउंटरच्या मुलाला खुणेने एक उचलायला लावला, कल्ले उघडून बघितले, पोट दाबून बघितलं, तो मुलगा बघतच राहिला, इथे कोणी असं करत नाही. सहा बांगडे घेतले, बर्फात घालून, आणि डार्टमध्ये बाबा ती पिशवी दोन पायांत धरून बसले, माझ्या शेजारी एक सुटाबुटातली बाई होती तिने सीट बदलली. त्या आठवड्यात बाबा एच थ्री बसने दोनदा एकटेच समिटला जाऊन आले, वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढे बसून. ड्रायव्हर वळणावर हॉर्न देत नाही अशी तक्रार आहे त्यांची.

रविवारी बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. आई ताटं मांडत होती, आम्ही पाच जण, तिने सहा मांडली. मी म्हटलं आई, एक जास्त झालं. म्हणाली, राहू दे. लेक विचारायला लागला की हे कोणाचं, तेवढ्यात दारावरची बेल वाजली, नवऱ्याचं कुठलंतरी पार्सल होतं, नेहमीप्रमाणे नेमकं जेवायच्या वेळी. नवरा म्हणाला ठेवून जाईल तो बाहेर, बसा सगळे.

बाबा भात कालवता कालवता म्हणाले, "उघड रे बाबा लवकर दार. नायतर ती पोराला घेऊन जाईल."